काट्यापर्यंतचं मीठ

नववी आणि आठवीच्या वर्गांमध्ये फक्त प्लायवूडची फळी होती. त्या फळीपलीकडून हसण्याचा आवाज आला की पद्मावतीबाईंच्या हातातला खडू थांबायचा.

बावीस वर्षं त्या तोंडवलीच्या या शाळेत विज्ञान शिकवत होत्या. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. आठवीला शिकवणारी योगिनी जूनमध्येच नोकरीला लागली. ती एक प्रश्न टाकायची आणि गप्प बसायची. मग पोरं एकमेकांवर तुटून पडायची. महिन्याभरात नववीतली पोरंही मधल्या सुट्टीत तिच्याभोवती. पद्मावतीबाईंना ते सलत होतं. "तिकडे नुसता गोंधळ असतो, सर," असं त्यांनी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलंही होतं. शिक्षण परिषदेत शाळेतर्फे नमुना पाठ कोणी घ्यायचा, हे सर या आठवड्यात ठरवणार होते. आजवर तो पद्मावतीबाईंचाच असे.

मंगळवारी फळीपलीकडून योगिनीचा प्रश्न ऐकू आला. "बांगडा खारवताना डब्यात आपण पाणी घालत नाही. मग दुसऱ्या दिवशी तळाला पाणी येतं कुठून?" पुढे अर्धा तास कल्ला.

बुधवारी योगिनी शाळेच्या कामासाठी मालवणला गेली. पद्मावतीबाईंनी नववीला तोच प्रश्न घातला, शब्दही न बदलता. आणि योगिनीसारख्याच गप्प बसल्या.

"परासरण," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

व्याख्या त्यांनीच गेल्या महिन्यात पाठ करून घेतली होती. दोन मिनिटांत सगळं संपलं. पोरं वह्या उघडून बसली, बाई आता काय लिहायला सांगतात म्हणून. पद्मावतीबाईंनी योगिनीच्या वर्गाच्या फळीकडे पाहिलं. तिला जमतं, मग मला का नाही?

तेवढ्यात मागच्या बाकावरची किशोरी उठली. तिची आई मालवणच्या बाजारात मासळी विकायची. "बाई, मिठान मासो पाणी सोडता, तां कळला. पण मग तो आतून खारट कसो लागता?"

'सोड ते, परीक्षेला नाही,' हे शब्द ओठांपर्यंत आले. पण त्या स्वतःच मनात उत्तर शोधू लागल्या आणि ते बोलायचं राहून गेलं. ही शांतता मात्र ठरवून आणलेली नव्हती.

"मीठ त्याच पाण्यात विरघळता आणि परत आत जाता," निकेत म्हणाला.

"पाणी भायर येता, आणि मीठ उलट्या वाटेन आत जाता? मिठासाठी दार उघडा ठेवलला काय रे?" पुढच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"माझ्या आयेक विचार," किशोरी म्हणाली. "पयल्या दिसाक बांगडो वरसून खारट. चौथ्या दिसाक काट्यापर्यंत."

"मगे रोज एक कापून बघूया," अक्षया म्हणाली. "आणि वजन पण करूया."

"आणि कापलेलो खातलो कोण? तूच मा?" निकेतने तिला चिडवलं.

वर्गात एकच कल्ला झाला. कोणी फळ्याकडे धावलं, कोणी बाकावर गुडघा टेकला. बाईंकडे कोणीच बघत नव्हतं. त्यांना तेही टोचलं. योगिनीकडे तरी कुठे कोण बघत असेल, हे मग त्यांच्या लक्षात आलं.

दारात मुख्याध्यापक उभे. "बाई, आज तुमच्या वर्गात गोंधळ?"

पोरं चिडीचूप झाली. बाईंनी नुसतं "बसा" म्हटलं असतं तरी नमुना पाठ त्यांचा होता.

"गोंधळ नाही, सर. चर्चा आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, दुखरा दात उपटावा तसं एकदाचं, "प्रश्न योगिनीबाईंचा. आठवीतही गोंधळ नसतो. मी चुकीचं सांगितलं होतं."

सर एक पाऊल आत आले. "मग नमुना पाठ..."

"तिलाच द्या."

हे बोलताना त्यांना हलकं वगैरे काही वाटलं नाही. वाईटच वाटलं. सर गेल्यावर त्या किशोरीकडे वळल्या. "उद्या चार बांगडे आण. मीठ मी आणते."

संध्याकाळी एसटीतून उतरून योगिनी शाळेत आली. नववीतल्या चर्चेचं आणि नमुना पाठाचं तिला सरांकडून फोनवर कळलं होतं. "बाई, थँक्यू. मी तोच बांगड्याचा प्रश्न घेईन म्हणते. नववीत त्यावर पुढे काही निघालं का?"

किशोरीचा प्रश्न पद्मावतीबाईंच्या टाचणवहीत लाल शाईने लिहिलेला होता. त्यांनी वही मिटली आणि पर्समध्ये टाकली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "विशेष काही नाही."