समोरची खुर्ची

"कस्टमच्या फॉर्मात लिहिलंय काय, तर स्टीलचं सामान! काका, स्टीलचं सामान तर भांड्यांच्या दुकानात पण मिळतं." कृतिकाने लॅपटॉप रघुजीकडे फिरवला.

रघुजीने चष्मा सारखा करून वाचलं. पलीकडून कस्टमच्या कुणीतरी विचारलं होतं: वस्तू नेमकी कोणती? कुठे लागते? कशी चालते?

पीथमपूरच्या या कस्टम एजंटाच्या कचेरीत रघुजी मोहित्याचं अर्धं आयुष्य गेलं. त्याची एक रीत होती. कागदावर काहीतरी खरडायचं, मालाचा नमुना पिशवीत घालायचा, कस्टमच्या साहेबाच्या टेबलावर ठेवायचा आणि तोंडी समजावायचं. साहेब हातात घेऊन बघायचा, कधी हसायचा, कधी चहापाण्याचं विचारायचा. सही मात्र व्हायची.

आता साहेबांच्या खिडक्या बंद, सगळं ऑनलाइन. फाइल कुठल्या शहरात कुणापुढे उघडते ते कुणालाच कळत नाही. याला सुलभीकरण म्हणतात. चहापाणीवाले उपाशी मेले, बरं झालं. त्यांच्यासाठी कुणी रडायची गरज नाही. पण समोर उभं राहून बोलणं हीच ज्याची नोकरी होती, त्याने आता कुठे उभं राहायचं, हे एकाही परिपत्रकात नाही. परिपत्रक काढणाऱ्यांना असा माणूस असतो हेच ठाऊक नाही.

"भिया, तुमच्यामुळे माल अटकला," मालक वीरेंद्र आतून ओरडला. "मैंने बोला था, ढंग से भरो. आज हे निपटलं नाही तर उद्यापासून घरीच बसा. मी टायपिंगवाला ठेवतो."

कृतिकाचा देवासला बटाट्याच्या चिप्सचा लहानसा कारखाना. काप करणारी पाती झिजली म्हणून तिने परदेशातून नवी मागवली, ती इथे अडकली. तिकडे मशीन थंड आणि शेडमधल्या बटाट्यांना मोड फुटायला लागलेले.

"हा विचारणारा कोण असेल गं?" रघुजी स्क्रीनकडे वाकून म्हणाला. "म्हातारा असेल की पोरगा? कधी बटाटा चिरला असेल का त्याने?"

"चेन्नईत असेल, कोलकात्यात असेल, काय माहीत! पहले उत्तर तर द्या, काका."

रघुजीने दोन अक्षरं दाबली, पुसली. पुन्हा दाबली, पुसली. मग हात मांडीवर ठेवले.

"याच्याशी मला बोलता येत नाही."

"मग कुणाशी येतं?"

त्याने टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "तू बस तिथे. साहेब हो."

कृतिका लॅपटॉप घेऊन हसत जाऊन बसली. "चहा मागवू का, काका? साहेब मागवतात ना?"

"मागव. पण लगेच मान नको डोलावूस. साहेब लोक इतके सोपे नसतात."

तिने सोबत आणलेलं जुनं, झिजलेलं पातं त्याने फडक्यातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. धार स्वतःकडे. साहेबाकडे धार करायची नाही, हाही त्याचाच नियम. मग तो उभा राहिला, आणि त्याचा आवाजच बदलला.

"साहेब, हे पातं. याला मूठ नाही, हातात धरून काही चिरता येत नाही. ही भोकं बघा, इथे बोल्ट लागतात. अशी पाती गोल चाकावर बसवतात. चाक फिरतं, वरून बटाटा पडतो, खालून कागदासारखा काप निघतो."

"घरी वापरतात?" कृतिकाने भुवई चढवून विचारलं. त्याचं बोलणं टिपत बोटं लॅपटॉपवर चालूच होती.

"नाही साहेब. कारखान्याबाहेर याला कुणी विचारत नाही."

एवढं बोलून तो जरा थांबला. मग म्हणाला, "लिही ते पण."

पात्याचा फोटो जोडून तिने उत्तर पाठवलं. जेवणं झाली, आणि कृतिका खुर्चीतून उडालीच. "पास! काका, हो गया!"

वीरेंद्र बाहेर आला, वाचलं. "वा! कृतिकाजी, मस्त लिहिलंत. मला पाठवून ठेवा. पुढच्या वेळी हेच चिकटवून देऊ, झंझट खतम."

"मी नाही, हे काकांनी..."

तोवर त्याने फोन कानाला लावला होता.

"त्याने काही म्हटलं का?" रघुजीने हळूच विचारलं.

"कुणी?"

"त्या साहेबाने."

"नाही काका. नुसतं पास."

"एवढ्यात समजलं त्याला?" रघुजीचा चेहरा उजळला. "हुशार असणार."

कृतिका माल सोडवायला पळाली. पातं टेबलावरच राहिलं. रघुजीने ते फडक्याने पुसलं, रिकाम्या खुर्चीसमोर नीट ठेवलं, धार स्वतःकडे, आणि साहेबापुढे राहायचा तसा उभा राहिला.