खोपीची खोळ

भिवंडीजवळ राहनाळच्या गोदामात बायांची पोरं खोक्यात वाढायची. पॅकिंगच्या टेबलाखाली एक मोठं रिकामं खोकं सरकवायचं, आत जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर पोर ठेवायचं. हात वर लेबलं चिकटवत असायचे आणि एक पाय खाली खोक्याला लागलेला असायचा. पाय हलला की खोकं हलायचं, खोकं हललं की पोर झोपायचं. विनिताचा सार्थक आठ महिन्यांचा होईपर्यंत असाच वाढला.

एका दुपारी ती पाणी प्यायला उठली. परत येते तर टेबलाखाली नुसती फरशी. रिकामी खोकी गोळा करणारी ट्रॉली नुकतीच फिरून गेली होती. खोक्यांची चळत दाबायच्या मशीनकडे निघाली होती, आणि त्या चळतीत कुठेतरी तिचं लेकरू होतं. विनिता जागची हललीच नाही. धावली ती मृणाली. शेजारच्या टेबलावरची, कशेळीची, तेव्हा नुकतेच दिवस गेलेली. ट्रॉलीच्या आडवी उभी राहून तिने किंचाळून सांगितलं, "थांबव रे मुडद्या! आत पोर हाय!"

सगळ्यात खालच्या खोक्यात सार्थक मूठ तोंडात घालून झोपलेला. त्याला जाग म्हणून आली नाही. विनिता मात्र त्यानंतर कितीतरी दिवस झोपली नाही.

तिचं माहेर गणेशपुरीकडचं, भाताच्या शेतांतलं. लावणीच्या दिवसांत आई तिला राखणीच्या खोपीत ठेवायची. चार मेढी, वर पेंढा, दाराला आडवी काठी. आतून आई दिसायची, वारा लागायचा, पण रांगत बांधावर जाता यायचं नाही. विनिताला तशी खोपी हवी होती. फक्त ती काखेत मारून शेअर रिक्षात बसता आलं पाहिजे, आणि टेबलाशी पोचल्यावर छत्रीसारखी उघडता आली पाहिजे.

नवरा काळूराम वायरमन. त्याच्या कामावरून उरलेले पांढरे पाइप घरात पडलेले असत. तिने ते हातभर लांबीचे कापून घेतले आणि आतून इलास्टिकची दोरी ओवली. ओढलं की पाइप एकमेकांत बसायचे, सोडलं की मोळी व्हायची. काळूराम म्हणाला, "माझ्या पाइपात वीज खेळते, तुझ्यात पोर खेळणार."

"तुझ्या विजेपेक्षा माझं पोर जास्त झटके देतं," ती म्हणाली.

बाजूंना जाळी लागली, खाली गादी. राहिली खोळ. तिथेच सगळं अडलं.

खोळीसाठी ती शिवणकाम जाणणाऱ्या रशिदाआपाकडे गेली. आपाचं घर वर, खाली कापड विणणारे चार लूम. त्या घरात गुपित बोलायचं तरी ओरडूनच बोलावं लागायचं. रशिदाआपाने सांगाडा फिरवून फिरवून पाहिला.

"ये पिंजरा किसके लिए? पोपट पाळतेस काय?"

"पोपटच हाय, आपा. दात यायला लागलेत त्याला."

आपाने लूमवरून उतरलेलं कोरं सुती कापड दिलं, पुढे रोज वेळही दिला. गोदामात धूळ, खोक्यांचा भुसा, वरून पोराचं मुतणं. खोळ रोज काढून धुता आली पाहिजे. चेन लावली तर तिच्यात भुसा अडकला. बटणं लावली तर तिसऱ्या दिवशी एक बटण सार्थकच्या तोंडातून काढावं लागलं. नाड्या लावायला विनिताच तयार नव्हती. नाडी म्हटलं की तिला गळा आठवायचा. शेवटी उशीचा अभ्रा धुताना तिला सुचलं. एक पदर दुसऱ्या पदराच्या पोटात. ना चेन, ना बटण, ना नाडी. नुसतं कापडाने कापडाला धरायचं.

पहिली खोळ शिवली, चढवली, फोटो काढला, धुतली. वाळल्यावर चढेचना. विनिताने दात-ओठ खाऊन ओढली तर पाइपच वाकला. रशिदाआपा पोट धरून हसली.

"अगं कोरं कापड हाय ते! पाणी प्यायलं की अंग चोरणारच. भिवंडीत राहून एवढं माहीत न्हाय तुला?"

मग विनिताने कापड बेतायचा फर्माच चार बोटं मोठा केला. खोळ सैल शिवायची, आधी एकदा धुवायची, मग चढवायची. आटून ती अशी बसायची की पोराच्या चिमटीत कापड यायचं नाही. बाळाच्या अंगावर कापड ओढलं जाऊ नये, तोंडावर येऊ नये, सगळी गंमत त्या चार बोटांत होती. फर्मे तिने जाड खोक्याचे कापले. आकडे तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून कुठला तुकडा कुठल्यामागून शिवायचा ते तिने ओव्या रचून बॉलपेनने तुकड्यांवर लिहिलं, एकेका तुकड्यावर एकेक ओळ:

*माझ्या तान्ह्याच्या घराला चहूबाजूंनी गं जाळी*
*वारा आत ये पाहुण्या, धूळ राहो उंबऱ्याखाली*

अशा दोन ओव्या, चार ओळी, चार तुकडे; ओळीमागून ओळ म्हटली की तुकड्यामागून तुकडा.

सार्थकची खोपी गोदामात आली तशी बायांची रांग लागली. माझ्या पोरीला कर, माझ्या नातवाला कर. विनिताचं स्वप्न आता उघड बोलता येण्याएवढं झालं होतं. आपण आणि आपाने खोप्या शिवाव्या, गोदामागोदामांत टेबलांपाशी त्या उभ्या राहाव्या, आणि लोकांनी म्हणावं, ही विनिताची खोपी. मृणालीच म्हणाली होती, "माझ्या मनोजचा ऑनलाइनचा धंदा हाय ना! बाळंतपण होऊ दे, मग तुझी खोपी त्यावर विकायला लावू. खोक्यावर मोठ्या अक्षरात तुझं नाव. माझा शब्द."

मृणालीला मुलगा झाला. बारशाला विनिता कशेळीला निघाली तेव्हा तिच्या काखेत नवी कोरी खोपी होती आणि पिशवीत नारळ, तांदूळ, खण. आणि चार फर्मे.

रशिदाआपाने पिशवीत डोकावून पाहिलं. "खोपी दे. फर्मे कशाला देतेस?"

"खोळ फाटली तर तिला शिवता येईल, आपा."

"कारागीर नमुना देतो, फर्मा देत न्हाय. हमारे यहाँ तो भाई भी भाई को नहीं देता."

"जिने माझं पोर मला परत दिलं, तिच्यापासून काय लपवू?"

आपाने पिशवी तिच्या हातात दिली. कशेळीला विनिताने कुंकू लावून मृणालीची ओटी भरली आणि नारळाशेजारी ते चार तुकडे ठेवले. मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं. नंतर कितीदा आठवलं तरी विनिताला ते खोटं वाटलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

मृणाली पुन्हा कामावर आली नाही. फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग नुसते सणाचे फोटो. आठ महिने गेले.

एका सोमवारी पॅकिंगला नवा माल लागला. गुळगुळीत, रंगीत, हातभर लांब खोकी. खोक्यावर एका गुटगुटीत बाळाचा फोटो. विनिताने पहिल्याला लेबल लावलं, दुसऱ्याला लावलं. तिसऱ्याला तिचा अंगठा बाळाच्या कपाळावर आला आणि तिथेच थांबला. कपाळावरचा तीळ ओळखीचा होता. बारशाला तिने त्याच तिळावर ओठ टेकले होते.

एका खोक्याची चिकटपट्टी सुटली होती. आत पांढरे पाइप, आत दोरी, जाळी. खोळ चकचकीत पॉलिस्टरची. एक पदर दुसऱ्या पदराच्या पोटात.

पलीकडच्या टेबलावरची रंगूबाई खोक्याच्या मागचं मोठ्याने वाचत होती. तिला वाचता येतं याचा तिला फार अभिमान. "'एक दिवस माझं बाळ रिकाम्या खोक्यांच्या ट्रॉलीवरून निघालं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, कुठल्याच आईवर ही वेळ येऊ द्यायची नाही. तुमची, मृणाली.' अगं बाई! विनिता, हे तर तुझं..."

सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. मग सुपरवायझर ओरडला आणि हात पुन्हा चालू झाले. विनिताचेही. शिफ्ट संपेपर्यंत तिने आपल्याच खोपीला दुसऱ्यांचे पत्ते चिकटवले. नाशिक, सोलापूर, बडोदा. पोर पळवणाऱ्याला आपणच वाट दाखवावी, तसं.

पण एक गोष्ट तिच्या हाताला कळली होती. तिने त्या खोळीत मूठ घातली होती, आणि मूठभर कापड सहज आत आलं होतं. फर्मा तसाच्या तसा उचलला होता; आटण्याचा हिशेब फर्म्यावर लिहिलेला नव्हता. पॉलिस्टर काही पाणी पिऊन अंग चोरत नाही. ती चार बोटं सैलच राहणार होती, प्रत्येक खोक्यात, प्रत्येक गावात.

रशिदाआपाने ऐकल्याबरोबर ओढणी सावरली. "चल. चौकीवर जाऊ. मी येते."

"काय सांगू तिथे? कागद काय हाय माझ्याकडे?"

"मग तिच्याकडे जा. अन् सस्त्यात सोडू नकोस. ते सैल कापडाचं तुला ठाऊक, तिला न्हाय. आधी नाव लाव म्हणायचं, मग सांगायचं."

रविवारी दुपारी विनिता कशेळीला गेली. रिक्षात तिने ते वाक्य घोळवून घोळवून पाठ केलं. आधी खोक्यावरची गोष्ट काढ, मग सांगते. आधी नाव लाव, मग सांगते.

मृणालीने दार उघडलं. चेहरा उतरला, मग हसला. "ये ना गं. किती दिवसांनी! चहा टाकते."

"चहा नको. मी तुझी खोकी पॅक करते, मृणाली. रोज."

मृणाली खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मनोज म्हणाला, मालाला एकच तोंड पाहिजे. गोष्ट एकीचीच पाहिजे. मी म्हटलेलं त्याला तुझं नाव."

"मग?"

"मग छापून आलं."

"सार्थक माझा हाय. ट्रॉलीवर माझं पोर होतं."

"अन् ट्रॉली कोणी अडवली?" मृणालीने पहिल्यांदा वर पाहिलं. "तू उभी होतीस खांबासारखी. मी नसते तर गोष्टच नसती. न्हाय तर वेगळीच असती."

ते खरं होतं.

"अन् फर्मे मी काय चोरले?" मृणाली आता थांबेना. "तू ओटीत घातलेस. कुंकू लावून घातलेस. ओटीतलं कोणी परत मागायला येतं काय? तुझ्या माहेरी असंल ही रीत, आमच्यात न्हाय."

कुठल्याच माहेरी ती रीत नव्हती. हे मृणालीलाही ठाऊक होतं, म्हणून तर ती तसं बोलली. बायका जी गाठ प्रेमाने बांधतात, त्याच गाठीने तिने विनिताचे हात बांधले.

विनिता तिच्यासमोर खाली बसली. "ओटीतलं मागत न्हाय. पण पोराची गोष्ट मी ओटीत घातली नव्हती. ती काढ. मग एक गोष्ट सांगते. तुझी खोळ चुकलीय."

मृणालीचे डोळे एकदम बारीक झाले. "सैल पडते, तेच ना? पहिली खेप गेली तेव्हापासून लोक लिहितायत तसं. मनोजने तीन कारागीर बदलले, कोणाला कळत न्हाय. तुला कळलंय?"

"आधी गोष्ट काढ."

"आधी सांग तर खरं. मनोजला विचारते मी. देवाशप्पथ विचारते."

"न्हाय. आधी..."

पलीकडून गुरगुरल्यासारखा आवाज आला. खिडकीपाशी खोपी मांडलेली होती. विनिताने शिवलेली नव्हे. ती नमुना म्हणून कधीच कारखान्यात गेली होती. ही चकचकीत, खोक्यातली. आत मृणालीचा वेदू. त्याने सैल कापड दोन्ही मुठींत धरून आत ओढलं होतं, तोंडात कोंबलं होतं, आणि उरलेलं नाकावर आलं होतं. तो रडत नव्हता. रडायला वाट नव्हती.

या खेपेला विनिता खांबासारखी उभी राहिली नाही. मृणाली उठेपर्यंत तिने कापड खेचून काढलं होतं, पोराला उचलून पाठीवर थाप मारली होती. वेदूने श्वास घेतला आणि घर दणाणून सोडलं.

मृणालीने त्याला उराशी घेतलं. "असा रोज खेळतो गं तो... मला काय माहीत..." पोर शांत व्हायला बराच वेळ गेला. शांत झाल्यावर त्याने पुन्हा खोपीकडे हात केले. त्याला तेवढंच अंगण माहीत होतं.

विनिताने सुई-दोरा मागितला. पाठ केलेलं वाक्य तिच्या जिभेवर तसंच होतं, पण ते आता कोणाला म्हणायचं? नाशिकात, सोलापुरात, बडोद्यात खिडक्यांपाशी कोणकोण बसलेलं असेल, त्यांची नावं तिने स्वतः चिकटवून पाठवली होती.

"चार बोटं जास्त हायत," ती म्हणाली. "फर्मा कोऱ्या सुताचा होता, धुतल्यावर आटायचा. हे आटत न्हाय. हितून हितवर कापायचं. ज्यांच्याकडे गेल्यात त्या सगळ्यांना कळव. आजच कळव."

तिने कापड ओढून दुमडलं, चार बोटं मोजली, टाके घालायला घेतले. मृणालीने वेदूला आत ठेवलं. पोर विनिताच्या बोटांना हात लावायला बघत होतं, म्हणून ती हळू शिवत होती.

थोड्या वेळाने तिला जाणवलं की मृणाली तिच्या खांद्याशी उभी आहे. हातात मोबाइल होता. स्क्रीनवर सुई वर-खाली होत होती.

"लोकांना असंच दाखवायला लागंल ना," मृणाली कुजबुजली. "तू शिव गं. तुझं तोंड येत न्हाय यात. नुसते हात येतायत."

विनिताचा हात थांबला. आत वेदू कापडाची कड चिमटीत धरायला बघत होता, अजून दोन बोटं शिवायची राहिली होती.

तिने पुढचा टाका घातला.