पुसलेला नंबर

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, शाळेतला नव्हे. माझ्यावर कधी पाढे लिहिले गेले नाहीत, की माझ्यासमोर कुणी अंगठे धरून उभं राहिलं नाही. माझं सारं आयुष्य कवळ्या बनवण्याच्या एका छोट्या कारखान्यात गेलं. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि इथे चार टेबलांवर त्या मापांचे दात तयार व्हायचे.

एका सुताराने मला जाड फळीतून कापलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. "हा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल," असं तो मालकीणबाईंना म्हणाला. त्यांना ते फारसं रुचलं नाही, तरी मला दारासमोरच्या भिंतीवर मानाची जागा मिळाली. माझ्या डाव्या बाजूला कुणाची ड्यूटी कधी ते लिहीत आणि उजव्या बाजूला सगळ्यांचे फोन नंबर. कुणाची तरी कवळी ऐन जेवताना मोडायची, डॉक्टरांचा घाईघाईने फोन यायचा आणि सुट्टीवरच्या माणसालाही बोलवावं लागायचं. म्हणून ज्याला हवा त्याने नंबर बघावा आणि फोन लावावा, अशी इथली पद्धत होती. "आमच्याकडे लपवाछपवी नाही. सगळं फळ्यावर," असं मालकीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते ऐकून मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

मेणकाम करणारी मुलगी इथे आली, तेव्हा तिच्या हाताला कामाची सवय नव्हती. दोन वर्षांत तो असा बसला की डॉक्टर चिठ्ठीत लिहून पाठवू लागले, 'मेणकाम हिच्याकडेच द्या.' कोमट मेणातून हिरड्या घडवून त्यात एकेक दात बसवताना ती जेवायचंही विसरायची. सगळे तिला मेणवाली म्हणत. समोरच्या टेबलावर पॉलिशवाला बसे. वयाने बराच मोठा, कामात वाघ आणि जिभेवर साखर. ती त्याला दादा म्हणायची.

त्याने तिचा नंबर माझ्यावरूनच उतरवून घेतला. मी पाहिलं होतं. मला वाटलं, कामाचंच काही असेल.

पुढचं मला कळलं ते ती साचे ओतणाऱ्या मावशींना सांगत होती तेव्हा. दोघी माझ्याजवळच उभ्या होत्या. सुरुवातीचे मेसेज साधे होते, 'पोचलीस का?', 'जेवलीस का?' असे. मग सुट्टीच्या दिवशी, 'आज काय घातलंयस? फोटो पाठव.' तिने लिहिलं, 'दादा, कामाशिवाय मेसेज नको.' त्यावर उत्तर आलं, 'दादा म्हणू नकोस.' गेल्या रविवारी दुपारी त्याचे अकरा फोन आले आणि संध्याकाळी तो तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभा दिसला.

"आणि इथे सगळ्यांदेखत हसून विचारतो, झाली का विश्रांती?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

मावशींनी हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. "अगं, तो तसाच आहे. फोन उचलू नकोस आणि गप्प राहा. गवगवा केलास तर लोक तुलाच नावं ठेवतील."

"मग मी हे कामच सोडते, मावशी."

मावशी आपल्या साच्यांकडे वळल्या. मला फार वाईट वाटलं. कसलाही दोष नसताना ती मुलगी तिच्या जिवाभावाच्या कामाला मुकणार होती, आणि तिचा नंबर माझ्याच अंगावर होता.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली आणि रुमालाने आपला नंबर पुसून टाकला. थोड्या वेळाने मालकीणबाईंची नजर माझ्याकडे गेली.

"नंबर कुणी पुसला? डॉक्टरांचा फोन आला तर काय माझ्या कपाळावरून वाचू?"

सगळे हसले. पॉलिशवाला मान वर न करता म्हणाला, "सांगतो ना, मला पाठ आहे." त्याने आकडे सांगितले, आणि मालकीणबाईंनी ते माझ्यावर चांगले ठळक लिहून काढले. खडू नुसता चरचरला.

मेणवाली उठली. सगळ्यांसमोर तिने तळहाताने तो नंबर पुन्हा पुसला.

"बाई, मीच पुसला."

"का गं?"

"ह्यांना पाठ आहे म्हणून."

तिने मोबाइल पुढे केला. मालकीणबाई उभ्याउभ्याच वाचू लागल्या.

"अहो बाई, गंमत केली जरा," पॉलिशवाला म्हणाला. "धाकट्या बहिणीसारखी आहे मला."

"दादा म्हणू नकोस, असं तुम्हीच लिहिलंय. मी चार वेळा नको म्हटलंय, तेही तिथेच आहे."

माझा जीव टांगणीला लागला. त्याच्यासारखा कारागीर सहज मिळणारा नव्हता, हे मालकीणबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"मशीन बंद करा आणि घरी जा," त्या त्याला म्हणाल्या. "पुढचं लेखी कळवीन. हिला एक जरी मेसेज गेला, तर हिच्याबरोबर पोलिसांत मी येईन." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "मी उगाच ओरडले. आधी विचारायला हवं होतं."

तो गेला. सगळे आपापल्या टेबलाकडे वळत होते, तेवढ्यात मावशी प्लास्टरने माखलेल्या हातांनी माझ्याकडे आल्या आणि त्यांनी आपलाही नंबर पुसला.

"मावशी, तुम्ही का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मलाही त्याचे असेच फोन येतात. सहा वर्षं झाली, बाई." एवढंच बोलून मावशी रडू लागल्या. मेणवालीने त्यांना जवळ घेतलं. "तुला गप्प राहा म्हटलं गं मी," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

पॉलिशवाला परत आला नाही. माझ्यावर नंबर लिहिणं त्याच दिवशी बंद झालं. आता घाईचं काम निघालं, तर मालकीणबाई स्वतः कारखान्याच्या फोनवरून बोलावतात. पुढे भिंतीवर पांढरा चकचकीत बोर्ड आला आणि मी प्लास्टरच्या गोण्यांमागे जाऊन पडलो. इथून मेणवालीचं टेबल दिसत नाही, पण तिच्या दिव्याचा उजेड दिसतो.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर लावा असं मी म्हणणार नाही. कुणी एकदा 'नको' म्हटलं, तर ते तेवढ्यावरच ऐका. आणि आपल्या शेजारचं माणूस उगाच गप्प गप्प दिसलं, तर त्याला जवळ बसवून विचारा. मावशी सहा वर्षं माझ्यासमोर वावरत होत्या, मी रोज त्यांचा चेहरा पाहत होतो, आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. मी तर लाकडाचा होतो. तुम्ही नाही.