श्रीखंडाची दुसरी वाटी

माझ्या धाकट्या बहिणीच्या, विभावरीच्या, नवऱ्यानं दही सोडलं तेव्हा पहिला अंदाज माझाच चुकला. मला वाटलं, कोलेस्टेरॉल. विभावरी फार्मासिस्ट, तिनं रिपोर्ट काढायला लावले, तर ते माझ्यापेक्षा चांगले. मग वाटलं, नवस. पण चंद्रहास देवाशीसुद्धा अटी वाचल्याशिवाय व्यवहार करणार नाही. दहीभाताशिवाय पानावरून न उठणारा हा पुणेकर इथं परदेशात, टाकानिनीतल्या घरी, ताकालाही हात लावेना, आणि विचारलं तर म्हणे, असंच. ‘असंच’ या खात्यावर नवरे काय काय टाकतात, ते मला माहीत आहे.

एवढं दिसत होतं की दर शनिवार-रविवारी तो कराका गावाकडच्या एका शेडमध्ये जायचा. तिथं अरिमुरासान नावाचे सत्तरीतले जपानी गृहस्थ कुमाराची, म्हणजे आपण उपासाला ज्याचा कीस करतो त्या रताळ्याची, दारू गाळतात. शोचू म्हणतात तिला. त्यांच्या गावी, कागोशिमात, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं. मुलगा दूर जॉन्सनव्हिलला, त्याला यात काडीचा रस नाही. तेव्हा शेड बंद करून गावी परतायचं की कुणाच्या तरी हाती द्यायची, असं म्हाताऱ्याच्या मनात घोळत होतं.

चंद्रहासला ती हवी होती. इतकी, की ऑफिसात बारा जणांना कामं वाटणारा हा माणूस दोन हंगाम तिथं रताळ्यांची टोकं छाटत होता. एकदा धीर करून त्यानं विचारलं, माझ्या हाती द्याल का? अरिमुरासान म्हणाले, बघू. पुण्यात ‘बघू’ म्हणजे नाही. कागोशिमात त्याचं काय होतं, ते बिचाऱ्याला कळेना.

विभावरीचा साधा हिशेब: माणसाला जेवू घातलं की तो बोलतो. तिनं अरिमुरासानना परस्पर शनिवारचं आमंत्रण दिलं. मी न्यू लिनच्या माझ्या घरून श्रीखंड घेऊन गेले. तिनं कोशिंबीर, कढी, मठ्ठा केला होता. पाहुण्यांना गाडीतून घेऊन आलेल्या चंद्रहासनं टेबल पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्यांना बसवून त्यानं आम्हा दोघींना ओट्यापाशी ओढलं आणि एकदाचं सांगितलं. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी चढवतात, पुढचं सगळं तिच्यावर. कोजीच्या खोलीत जाणाऱ्यानं दही खायचं नाही. दह्यातले जंतू हातावरून आत गेले की कोजी बिघडते. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यानं बजावलं होतं. आणि उद्या पहाटे नवी कोजी लावायची होती.

“मग सांगायचंस ना,” विभावरी म्हणाली.

“तुम्ही हसला असतात.”

हसलोच असतो, ते खरं.

आम्ही बाहेर येईपर्यंत पाहुण्यांची कढी संपली होती. मग कोशिंबीर. मग श्रीखंड, तेही वाटी पुसून. आणि त्यांनी वाटी परत पुढे केली.

चंद्रहास मनात ताळा लावू लागला. भिडेखातर खातायत? नियम विसरले? की उद्या कोजी नाहीच, शेड बंद? तिसरं मलाही पटलं. दुकान मोडायला निघालेल्यानं पथ्य कशाला पाळायचं? चंद्रहासनंही तेच धरलं असावं. त्यानं डाव उचलला आणि स्वतःच्या वाटीत श्रीखंड घेऊ लागला. इतक्या दिवसांचं पथ्य पाण्यात गेलं, निदान चव तरी मिळू दे, असा चेहरा.

अरिमुरासाननी त्याच्या वाटीवर तळवा ठेवला.

“तू नको,” ते त्यांच्या मोजक्या इंग्रजीत म्हणाले.

“उद्या कोजी लावायचीय?” चंद्रहासनं विचारलं.

“लावायचीय.”

“मग तुम्ही कसं...”

“मी आत जाणार नाही.” त्यांनी चमचा चाटला. “केशर छान आहे.”

पाहुण्यांना कळू नये म्हणून चंद्रहास मराठीत विभावरीकडे वळला. “म्हणजे हो का नाही?”

विभावरीनं त्याची वाटी उचलून पाहुण्यांपुढे सरकवली.

“वरणभात घे,” ती म्हणाली. “आणि आज लवकर झोप.”