तेरा बरगड्यांचा रोगी

डोंगरातल्या नारिन शहराच्या वरच्या वस्तीत त्या दिवशी कुबान वैदूच्या तंबूत मुंगीलाही जागा नव्हती. खांबावर वस्तीतल्याच गुल्साराच्या दोन सीटी फिल्म टांगलेल्या. पहिलीत स्वादुपिंडावर लिंबाएवढी गाठ, दुसरीत काहीच नाही. मध्ये काय झालं? कुबानने मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली!

"डॉक्टरांना गाठ दिसते, मला गाठीचं मूळ दिसतं!" तो गरजला. "शेजारणीची नजर, पूर्वजांचा राग आणि थंड चहा!"

"थंड चहा मी रोज पिते," बाटमा-अपा पुटपुटली. मेजवानीत मेंढीचे वाटे पाडावेत ते या म्हातारीनेच.

पुढे नवा रोगी बेकबोलोत बसला होता. इस्पितळात सीटी फिल्म वाचणारी डॉक्टर मी; त्याच्या अहवालात मीच लिहिलं होतं: घन गाठ, नळी फुगलेली, कर्करोगाची दाट शंका, रक्तवाहिन्या अजून मोकळ्या, म्हणजे काढता येण्याजोगी. मंगळवारी राजधानीत, बिश्केकला, शस्त्रक्रिया ठरलेली.

कुबानने कागद वाचून सुस्कारा टाकला. "पूर्वज खवळलेत. सात गुरुवार चाकू लावून घेऊ नकोस."

माझ्या बहिणीला, आयनाशला, त्याने एवढेच गुरुवार दिले होते. सातवा उलटला तेव्हा गाठ यकृतात पोचली होती. उद्या तिचं वर्षश्राद्धाचं जेवण.

मी पुढे झाले.

"डॉक्टरीणबाई! शेवटी माझ्याच दारी?"

"नणंदेची फिल्म आणि अहवाल आहे. बघा जरा."

त्याने फिल्म डोक्यावर धरली, डोळे मात्र कागदावर: द्रवाची पिशवी, भिंत पातळ, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. चेहरा खुलला. "तीन महिन्यांत विरघळवतो! बाई फार हळवी. एकटीच रडत बसते ना?"

"अगदी बरोबर," म्हणत मी फिल्म बाटमा-अपाला दिली.

तिने ती छताच्या उजेडात धरली, बोटाने मोजलं. "एका बाजूला तेरा बरगड्या? माणसाला तर बाराच! आणि हे चार खणांचं पोट! अगं, तुझी नणंद चरायला कुठे जाते?"

तंबू हसून फुटायचा बाकी राहिला. उद्याच्या जेवणाची मेंढी मी कापण्याआधी माझ्या सीटी यंत्रात घातली होती, आणि अहवाल मनाने लिहिला होता.

"हा फिल्म वाचत नाही, माझा कागद वाचतो," मी म्हणाले. "गुल्साराचं ते सुजेनंतर साचलेलं पाणी होतं. आपोआप जिरेल, असं मीच लिहिलं होतं. मी 'थांबा' लिहिलं की याचा चमत्कार, 'कापा' लिहिलं की याचे पूर्वज!"

गुल्साराने उठून आपल्या फिल्म उतरवल्या. कुबान सटकू लागला, तर बाटमा-अपा दारात आडवी. "बस खाली. तुझे गुरुवार ज्यांना पुरले नाहीत, त्यांची नावं ऐकून जा."

मी म्हणाले, "आयनाश." मागून चार आवाज आले, चार वेगळी नावं. कुबान मान खाली घालून बसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"एजे," मला ताई म्हणत बेकबोलोत उठला, "मंगळवारी किती वाजता पोचायचं?"

"सातला. उपाशीपोटी."

पाण्याची पिशवी कोणती आणि जीव घेणारी गाठ कोणती, हे चोळून कळत नाही. फिल्म पाहावी लागते. तिनेही भागलं नाही तर तुकडा काढून तपासावा लागतो. तुमच्याकडे फिल्म असेल तर ती वाचता येणाऱ्याकडेच न्या, आणि आजच न्या. गाठ गुरुवार मोजत नाही.