दाढीखालची खूण

मनमोहन कोठाऱ्यांना दाढीशिवाय पाहिलेलं माणूस गिरगावात आता फारसं उरलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी ठेवलेली दाढी त्रेसष्ट उलटेपर्यंत त्यांनी एकदाही उतरवली नव्हती. सॉलिसिटरच्या ऑफिसात लागले तेव्हा ती काळीभोर होती, निवृत्त झाले तेव्हा पांढरी. मधे त्यांचं लग्न झालं, मुलीचं झालं, सगळं त्या दाढीसकट. बायको नलू पस्तीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार करत होती, पण नवऱ्याची हनुवटी कशी आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. उजव्या जबड्याजवळ बोटांना काहीतरी टणक लागतं, एवढंच. विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "लहानपणी जिन्यावरून पडलो होतो."

यंदा फेब्रुवारीत ती टणक जागा खाजायला लागली. मग तिथे गळू झालं. ते बसतंय तोवर शेजारी दुसरं. मनमोहन हळद चोपडून गप्प राहिले. तिसऱ्या गळवाला मात्र नलूने त्यांना सरळ टॅक्सीत घातलं आणि दादरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉ. मनवा प्रधान वयाने त्यांच्या मुलीएवढी. तिने हातमोजे घातले, दिवा जवळ ओढला आणि दाढीचे केस बाजूला करत बराच वेळ पाहिलं.

"काका, पडलात तेव्हा टाके किती घातले होते?"

"तीन."

"तीन टाके म्हणजे जखम फार तर एवढी." तिने दोन बोटांत सुपारीएवढं अंतर दाखवलं. "आणि आत्ता ही खूण जबड्यावरून पार कानाकडे निघालीय. याला कीलॉइड म्हणतात. जखम भरताना अंग नवी कातडी तयार करतं आणि काम झालं की थांबतं. काही जणांच्या अंगाला थांबायचं कळत नाही. जखम कधीच भरलेली असते, पण खूण वाढत राहते, मूळ जखमेच्या बाहेर जाते. त्यात तुमच्या दाढीचे केस आतल्या आत वळतात, म्हणून गळवं."

"कॅन्सर वगैरे नाही ना?" नलूने विचारलं.

"अजिबात नाही. लागणारं पण नाही."

"मग कापून टाका," मनमोहन म्हणाले. त्यांना हे प्रकरण लवकर मिटवून घरी जायचं होतं.

"नुसतं कापलं तर बहुतेक वेळा आधीपेक्षा मोठं होऊन परत येतं. ती नवी जखमच की. आपण आधी गळवं बरी करू. मग महिन्यातून एकदा त्या गाठीतच इंजेक्शन. दुखतं, खोटं नाही सांगत. आणि घरी रोज सिलिकॉनची पट्टी लावायची. हळूहळू मऊ पडेल, चपटी होईल, खाज जाईल. पूर्ण पुसली जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

"चालेल."

"फक्त एक आहे. पट्टी केसांवर चिकटत नाही."

मनमोहननी आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग नलूकडे. नलू छताकडे बघत होती, पण तिच्या गालात हसू मावत नव्हतं.

पंधरा दिवसांनी गळवं सुकली. एका सकाळी नलूने त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि जावयाचा ट्रिमर हातात घेतला. मनमोहन डोळे मिटून बसले. आधी डावी बाजू, मग हनुवटी आणि शेवटी, अगदी सावकाश, उजवा जबडा. ट्रिमर बंद झाला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

जबड्यावर बोटभर लांबीची, तांबूस, चकचकीत, फुगीर खूण होती. नलूने ती नीट पाहिली. मग त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून इकडून तिकडे वळवला.

"अहो, तुम्ही तर चांगले दिसता," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं मला कोणी सांगितलं नाही."

खूण तिने इतक्या सहज पदरात घेतली, की मनमोहनना हायसं वाटलं. खाली भाजी आणायला गेले तेव्हा भाजीवालीने ओळखलंच नाही, आणि कुणाकडे पाहुणे आलात म्हणून विचारलं. घरी येऊन त्यांनी ते नलूला रंगवून सांगितलं. दोघं पोट धरून हसली.

पण शनिवार आला आणि त्यांचा नूर बदलला. त्यांचा धाकटा भाऊ देवदत्त दादरला राहायचा. वर्षानुवर्षं दर रविवारी तो दुपारी गिरगावात जेवायला यायचा. मनमोहननी त्याला फोन केला, सर्दी आहे, येऊ नकोस. पुढच्या शनिवारी घरात रंगकाम आलं. तिसऱ्या शनिवारी त्यांना काही सुचेना, तेव्हा म्हणाले, नलूची तब्येत बरी नाही.

नलू मागेच उभी होती, हातात कोलंबी साफ करायचं ताट घेऊन.

"मला काय झालंय?"

मनमोहननी फोन ठेवला.

"भाजीवालीला तोंड दाखवता, लिफ्टमधल्या लोकांना दाखवता, सख्ख्या भावापासून लपता? काय आहे हे?"

पेपरची घडी घालून ते म्हणाले, "मी जिन्यावरून पडलो नव्हतो."

मनमोहन तेव्हा सोळा वर्षांचे होते, देवदत्त दहाचा. आई शेजारी गेली होती आणि ताटात तळलेल्या पापलेटची एकच तुकडी उरली होती. मनमोहननी ती उचलली, देवदत्तला दाखवत दाखवत खाल्ली. देवदत्तच्या हाताला लागला तो कालथा. त्याने भिरकावला. कालथ्याची कड जबड्यावर बसली. रक्त बघून देवदत्त पांढराफटक पडला. वडील तापट, हात उचलणारे. त्यामुळे आई आली तेव्हा मनमोहन सांगून मोकळे झाले, जिन्यावरून पडलो. तीच गोष्ट मग कायमची झाली.

"मग खूण वाढायला लागली," ते म्हणाले. "जेवताना तो समोर बसायचा. हळूहळू माझ्याकडे बघेनासा झाला. भांडायचाही थांबला. एवढासा पोरगा, सगळं मुकाट्याने ऐकायचा. कॉलेजात गेला तरी तसाच. मला ते बघवेना. दाढी ठेवली, आणि सहा महिन्यांत पठ्ठ्या परत वाद घालायला लागला." ते थांबले. "सगळं त्याच्यासाठी केलं असंही नाही म्हणत. मलाही आरशात ते नको व्हायचं. पण त्याने आता ते पुन्हा बघू नये, एवढंच."

नलूने ताट खाली ठेवलं, हात धुतले, पुसले आणि फोन लावला. "भाऊजी, मला काहीही झालेलं नाही. उद्या या. कोलंबी घालून भानोले करतेय."

रविवारी देवदत्त आला, बरोबर त्याची मुलगी ऋग्वेदा. दार मनमोहननीच उघडलं. देवदत्त उंबऱ्यातच थांबला. सत्तावन्न वर्षांचा, बिल्डिंगा बांधणारा माणूस, पण त्या क्षणी त्याला चपला काढायचंही सुचेना.

"एवढी वाढली?" तो म्हणाला.

"वाढते म्हणे. माझ्या कातडीचा दोष आहे," मनमोहन घाईघाईने म्हणाले. "डॉक्टरने सांगितलं. तीन टाक्यांची खूण दुसऱ्या कुणाच्या तोंडावर कधीच विरून गेली असती. तुझा संबंध जेमतेम एवढा." त्यांनीही सुपारीएवढं अंतर दाखवलं. "बाकीचं सगळं माझं मी वाढवलंय."

देवदत्तने चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाला, "दादा, तू दाढी का ठेवलीस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तू माझ्यासाठी ठेवलीस, आणि तुला ती मुळीच शोभत नव्हती. दोन्ही एकदम कसं सांगू?"

आतून नलूच्या हसण्याचा आवाज आला. मनमोहननाही हसू फुटलं.

"बाबा, काय चाललंय?" ऋग्वेदाने विचारलं. "काका जिन्यावरून पडले होते ना?"

"नाही," देवदत्त म्हणाला. "मी कालथा फेकून मारला होता. चल, जेवताना सगळं सांगतो."

आणि खरोखर त्याने सगळं सांगितलं, पापलेटसकट. ऋग्वेदाचं मत पडलं की चूक काकांची होती, दाखवून खायला नको होतं. मनमोहननी ती कबूल केली.

इंजेक्शनांना मग देवदत्त बरोबर यायला लागला. पहिलं इंजेक्शन सणसणीत दुखलं. घट्ट गाठीत औषध शिरायलाच तयार नव्हतं. मनमोहननी खुर्चीचा हात पकडला, तर तो देवदत्तचा निघाला. दुसऱ्या वेळी गाठ जरा मऊ लागली, तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाली, "बघा, आता औषध आपोआप जातंय." खाज बंद झाली. सिलिकॉनची पट्टी मनमोहन रोज सकाळी धुवून, वाळवून, न चुकता लावायचे. ऑगस्टपर्यंत खुणेचा फुगवटा बसला, रंग उतरला. डॉक्टरने पहिल्या दिवसाचा फोटो शेजारी धरून दाखवला तेव्हा देवदत्तने तो दोनदा मागून घेतला. पुढचं वर्षभर लक्ष ठेवायचं, पुन्हा खाजलं तर लगेच यायचं, असं तिने बजावलं.

त्या दिवशी ते दोघे बाहेर आले तेव्हा बाकावर एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी बसली होती. नम्रता, लालबागची. मुरमाच्या जागी हनुवटीखाली तिला अशीच गाठ आली होती आणि तिने ओढणी तोंडापर्यंत ओढून घेतली होती. डॉक्टरने दारातूनच विचारलं, "काका, पाच मिनिटं आहेत? ही कापूनच टाका म्हणून हटून बसलीय. माझं ऐकत नाही."

मनमोहन तिच्याशेजारी जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपणहून उजवा गाल एका परक्या माणसाच्या पुढे केला.

"हात लावून बघ," ते म्हणाले.

नम्रताने आधी नको म्हटलं, मग एक बोट हळूच फिरवून पाहिलं. "मऊ आहे," ती म्हणाली. "आधी कडक होती?"

"सुपारीसारखी. चाळीस वर्षं दाढीखाली लपवून ठेवली. तुला तर दाढीचीही सोय नाही. तेव्हा आत जा आणि सुरू कर."

नम्रता हसली, आणि हसताना ओढणी खाली आली ती तिने तशीच राहू दिली. "खूप दुखतं का?"

"पहिल्या वेळी दुखतं," मनमोहन म्हणाले. "बरोबर कोण आलंय?"

"आई. खाली औषधं घ्यायला गेलीय."

"मग ती येईपर्यंत थांब. तिचा हात धर."