दोन बोटं

मी लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढते. दुसऱ्यांच्या घाणीला नाक मुरडायची सवय केव्हाच मोडली. पण भाचीच्या चड्डीवर रोज पातळ डाग दिसायला लागले, तसा माझा जीव थाऱ्यावर राहिना.

भिंगरी सहा वर्षांची. ती एका जागी बसली तर ताप आलाय का, हे बघावं लागे. आता तीच पाय आवळून कोपऱ्यात बसायची. शाळेतून निरोप आला होता, वर्गात पुन्हा असं झालं तर बरी होईपर्यंत घरीच ठेवा. तिच्या शेजारी बाकावर कुणी बसेनासं झालं होतं.

पोट बिघडलंय, यावर घरात एकमत. वहिनीने दूध बंद केलं, मी केळी आणली, दादाने जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. डाग वाढतच गेले.

"एवढी मोठी झाली, कळत कसं नाही हिला?" दादा खेकसला.

"कळलं असतं तर केलं असतं का?" मी त्याच्यावर खेकसले. भिंगरी पलंगाखाली जाऊन बसली. मला दादाचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून बघितलं. "घट्ट शी शेवटची कधी झाली?"

आम्हा तिघांनाही आठवेना.

"पोट बिघडलेलं नाही, तुंबलंय," त्या म्हणाल्या. "आत वाळलेली शी अडकलीय, तिच्या कडेनं पातळ झिरपतंय. ते तिला कळत नाही आणि आवरतही नाही. त्यात तुम्ही गोळ्या देऊन वरून बूच मारलंत!"

वहिनी रडकुंडीला आली. "म्हणजे रोज व्हायलाच हवी होती ना?"

"तसं काही नाही हो. कुणाला दिवसातून तीनदा होते, कुणाला दोन दिवसांआड. मऊ झाली, कुंथावं लागलं नाही, की ठीक. लागली असताना रोखली, की ती वाळते. मग दुखते, म्हणून पोर आणखी रोखते. का गं रोखतेस?"

भिंगरीने दोन बोटं वर केली आणि पटकन खाली घेतली.

हळूहळू कळलं. वर्गात शू लागली की करंगळी दाखवायची, शी लागली की दोन बोटं. दोन बोटं वर गेली की अख्खा वर्ग नाक दाबतो.

औषधाने पोट हळूहळू मोकळं झालं, पण शाळा तीच होती. रोज सकाळी भिंगरीचं तोंड उतरायचं. शेवटी मी इस्त्री तशीच टाकून मधल्या सुट्टीत तिच्या वर्गाच्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. भिंगरी माझ्या ओढणीला धरून. "ही दोन बोटं कशाला दाखवायला लावता?" मी विचारलं.

"कुणाला किती वेळ लागेल हे मला कळायला नको का?" बाई म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा."

माझं डोकं फिरलं. "आणि तुम्हाला लागते तेव्हा तुम्ही किती बोटं दाखवता?"

बाई दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मी जातच नाही. इथल्या संडासाला आतून कडी नाही. तीनदा सांगून झालं. पाणीसुद्धा पीत नाही मी दिवसभर."

मी समोरच्या बाकावर टेकले.

"मग तुमचंही पोट दुखतं?" भिंगरीने विचारलं.

"दुखतं," बाई म्हणाल्या.

भिंगरीने थोडा विचार केला. "तुम्ही जा. मी दार धरते."

बाई हसतील असं मला वाटलं. त्यांनी टेबलाच्या खणातून साबण काढला आणि खरंच निघाल्या. भिंगरी संडासाच्या दाराला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. येणाऱ्या पोरांना दटावत होती, "थांबा, आत माणूस आहे."

बाई बाहेर आल्या, नळाखाली साबण लावून हात धुवायला लागल्या. भिंगरीने त्यांचा पदर ओढला.

"आता मला लागलीय," ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली. "तुम्ही दार धरा."